अंतराळप्रवासाच्या जुन्या कादंबऱ्या मुलांसोबत कशा वाचाव्यात

अंतराळप्रवासावरची एखादी जुनी विज्ञान कादंबरी मुलाच्या हाती देण्यापूर्वी तिचे शीर्षकपृष्ठ उलटून मागे छापलेले प्रथम प्रकाशनाचे वर्ष शोधावे, ते जाड कागदाच्या पट्टीवर ठळक अक्षरांत लिहावे आणि तीच पट्टी वाचनखूण म्हणून पुस्तकात घालून द्यावी. स्वस्त आवृत्त्यांत बहुधा पुनर्मुद्रणाचेच वर्ष असते, त्यामुळे मूळ वर्ष वेगळे शोधावे लागते. पण तेवढे कष्ट जरूर घ्यावेत. पट्टीच्या मागच्या बाजूस चार नोंदी कराव्यात : ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला, १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांनी अंतराळातून पृथ्वीला प्रदक्षिणा घातली, जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ या यानाने मंगळाची जवळून टिपलेली छायाचित्रे पाठवली आणि २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला.

या पट्टीचा उपयोग पहिल्या तासाभरातच होतो. आजच्या मुलांनी चांद्रयान उतरताना टीव्हीवर पाहिलेले असते, त्यामुळे मंगळावर पाण्याचे कालवे किंवा शुक्रावर समुद्र असल्याचे वाचले की ती लगेच म्हणतात, ‘‘हे तर चुकीचे आहे!’’ अशा वेळी ‘‘गोष्ट आहे रे, पुढे वाच’’ असे सांगून त्यांना गप्प करण्याची चूक मीही पुष्कळ दिवस केली. आमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी पावसाळ्यातल्या रविवारी मी जे वाचन घेते, त्यात हळूहळू ध्यानात आले की मुलाने चूक पकडली, तो क्षण दवडायचा नसतो. ‘‘लेखकाला हे त्या वर्षी कळू शकले असते का?’’ एवढे विचारावे आणि पट्टी उलटून पाहायला सांगावे. जी चूक त्या काळच्या साऱ्या जगाची होती ती वेगळी, आणि जी लेखकाने गणित न केल्यामुळे झाली ती वेगळी; हा फरक मुले एकदा ओळखू लागली की जुने पुस्तक त्यांना कंटाळवाणे वाटत नाही. पुढची सारी पद्धत याच प्रश्नावर उभी आहे.

आधी अंतर, मग गोष्ट

पहिले पान वाचण्यापूर्वी अर्धा तास खेळात घालवावा. बास्केटबॉल ही पृथ्वी मानली, म्हणजे तिचा व्यास सुमारे २४ सेंटिमीटर धरला, तर टेनिसचा चेंडू अगदी चंद्राच्या मापाचा ठरतो. आता चंद्र कुठे ठेवायचा, हे मुलांनाच ठरवू द्यावे. पाठ्यपुस्तकातली चित्रे पाहून तयार झालेली मुले तो चेंडू हमखास हातभर अंतरावर ठेवतात. खरे अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट असल्यामुळे तो सव्वासात मीटर लांब ठेवावा लागतो, आणि आमच्या इमारतीत त्यासाठी जिन्यापासून थेट शेवटच्या घराच्या दारापर्यंत जावे लागले. याच मापाने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक बास्केटबॉलच्या पृष्ठभागापासून पाऊण सेंटिमीटरवर फिरते. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हाही एक किलोमीटरहून थोडा पलीकडेच असतो, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाच्याही पुढे. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की कादंबरीतला नायक ‘‘आपण तीन दिवसांत चंद्रावर पोहोचू’’ असे म्हणतो, तेव्हा मुलांना त्या वाक्याचे वजन कळते.

व्हर्न : तोफेत शिरण्यापूर्वी

ज्यूल व्हर्न यांची ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ ही कादंबरी १८६५ ची असून ‘चंद्राभोवती’ हा तिचा उत्तरार्ध काही वर्षांनी, १८७० च्या सुमारास आला. दोन्ही मिळून एकच कथा आहे; पहिल्या भागावर थांबलेल्या मुलाची फसगतच होते, कारण तो भाग तोफ उडताच संपतो आणि आतल्या माणसांचे काय झाले हे दुसऱ्याच पुस्तकात कळते.

पहिल्या प्रकरणापासून वाचायला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाल्टिमोरच्या गन क्लबमधले तोफांचे शौकीन अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर हात चोळत बसले आहेत, यातला उपरोध मोठ्यांना गमतीचा वाटतो, पण अकरा वर्षांच्या मुलाला तो कळत नाही. मी पहिल्यांदा हे पुस्तक माझ्या भाच्याला दिले, तेव्हा तीन दिवसांनी ते चौदाव्या पानावर खूण ठेवून परत आले. तेव्हापासून सुरुवातीची प्रकरणे मी दहा मिनिटांत तोंडी सांगते आणि थेट तिथून वाचायला घेते, जिथे मिशेल आर्दां या फ्रेंच गृहस्थाची तार येते : गोल गोळ्याऐवजी लांबट, टोकदार गोळा बनवा, मी त्यात बसून जाणार आहे. तोफगोळ्यात माणूस बसणार म्हटल्यावर कोणते मूल पुस्तक खाली ठेवेल?

मात्र मागे टाकलेल्या प्रकरणांपैकी एकाकडे नंतर अवश्य वळावे. तोफ कुठे ओतायची यावरून फ्लोरिडा आणि टेक्सास या दोन राज्यांत जे भांडण जुंपते, ते वाचताना जगाचा नकाशा समोर ठेवावा. व्हर्न यांनी तोफेसाठी फ्लोरिडातल्या टँपा गावाजवळची टेकडी निवडली. शंभर वर्षांनी अपोलो याने उडाली ती फ्लोरिडाच्याच पूर्व किनाऱ्यावरून, आणि त्यांचे नियंत्रण होत होते टेक्सासातल्या ह्यूस्टन येथून. कादंबरीतले भांडण असे मिटले म्हणायचे. व्हर्न यांना तोफेच्या बरोबर डोक्यावर येणारा चंद्र हवा होता, म्हणून त्यांनी विषुववृत्ताकडची जागा शोधली. प्रत्यक्षात अग्निबाण उडवणाऱ्यांना दुसराच लाभ मिळतो : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्याने विषुववृत्ताजवळून पूर्वेला उडणाऱ्या यानास तिचा वेग फुकट मिळतो. श्रीहरिकोटा येथे हा वेग सेकंदाला साधारण ४५० मीटर आहे, आणि पूर्वेला समुद्र असल्यामुळे अग्निबाणाचे गळून पडणारे भाग कोणाच्या घरावर पडत नाहीत. कोकण किनाऱ्यावरून अग्निबाण का उडवत नाहीत, असा प्रश्न रत्नागिरीकडच्या एका मुलीने विचारला होता. उत्तर नकाशातच आहे.

आता गणित. व्हर्न यांची तोफ ९०० फूट लांब आहे आणि गोळ्याचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे जवळपास ११ किलोमीटर. दहावीच्या विज्ञानात ‘मुक्तिवेग’ म्हणून, म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग म्हणून, ११.२ किलोमीटरचा आकडा येतो, तो याच्या इतका जवळ आहे की वर्गात सांगितल्यावर मुले चकित होतात. म्हणजे वेगाचे गणित लेखकाने नीट केले होते. तोफेच्या नळीचे गणित मात्र त्यांना परवडणारे नव्हते. शून्यापासून ११ किलोमीटरपर्यंतचा वेग २७४ मीटरच्या नळीत घ्यायचा, म्हणजे हा सगळा खेळ सेकंदाच्या विसाव्या भागात आटोपतो आणि आतल्या माणसावर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे बावीस हजारपट जोर येतो. चाळीस किलो वजनाच्या मुलाला त्या क्षणी आपले वजन ८८० टन भासेल. व्हर्न यांनी आत पाण्याची गादी केली आहे. ती पुरेल का, हे मुलांनाच ठरवू द्यावे. आमच्याकडे एकाने शांतपणे सांगितले, ‘‘काकू, त्यांची चटणी होईल.’’

दुसरी चूक शोधायला प्लास्टिकची बाटली लागते. व्हर्न यांचे प्रवासी सगळ्या वाटेवर पाय जमिनीला टेकवून वावरतात आणि पृथ्वी व चंद्र यांची ओढ जिथे सारखी होते तेवढ्याच ठिकाणी तरंगतात. बाटलीच्या तळाशी खिळ्याने भोक पाडावे, ते बोटाने दाबून बाटली भरावी, बोट काढल्यावर धार लागते ती दाखवावी आणि मग स्टुलावर उभे राहून बाटली सोडून द्यावी. ती खाली पडत असताना धार थांबते, कारण बाटली आणि पाणी दोन्ही एकाच वेगाने पडत असतात. तोफेतून सुटलेला गोळाही इंजिनाशिवायच चालला आहे, म्हणजे तोही मुक्त पतनातच आहे. त्यामुळे हवेतून बाहेर पडल्यापासून प्रवासी अखंड तरंगायला हवे होते. हा प्रयोग गच्चीवर किंवा अंगणात करावा. दिवाणखान्यात केल्यास घरच्यांचा विज्ञानावरचा राग वाढतो.

इतक्या चुका असूनही हे पुस्तक वाचायचे कशासाठी? सोबत नेलेल्या कुत्र्यांपैकी एक मरतो, त्याचे शव चटकन झरोक्यातून बाहेर टाकले जाते, आणि नंतर प्रवाशांना दिसते की ते मागे न पडता गोळ्याच्या बरोबरीने चालले आहे. हे एकच प्रसंगचित्र जडत्वाच्या नियमाची दहा पाने वाचवते, आणि ते पूर्णपणे बरोबर आहे. तिथे वाचन थांबवावे आणि ‘‘ते शव मागे का राहिले नाही?’’ हा प्रश्न पुढच्या रविवारपर्यंत तसाच ठेवावा.

मराठी वाचकांना या कथेची ओळख जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच ‘केरळ कोकिळ’ मासिकातून तिचे मराठी रूप ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने क्रमशः येऊ लागले होते, आणि पुढे फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत यांनी ‘चंद्रावर स्वारी’ लिहून ती मुलांच्या हाती दिली. धूमकेतूवरच्या व्हर्न यांच्या कथेचे त्यांनी केलेले ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ हे रूपही जुन्या ग्रंथालयांत सापडते. आठ-दहा वर्षांच्या मुलाने इथूनच सुरुवात करावी. भागवतांची मराठी पळते, आणि तिच्यावरून उड्या मारत मूल कुठल्या कुठे पोहोचते.

वेल्स यांचे झाकण

एच. जी. वेल्स यांच्या १९०१ च्या ‘द फर्स्ट मेन इन द मून’मध्ये तोफ नाही. केव्हर नावाचा शास्त्रज्ञ गुरुत्वाकर्षण अडवणारा ‘केव्हराइट’ हा पदार्थ बनवतो, आणि त्याचे पडदे उघडझाप करत गोल यान चंद्राकडे जाते. व्हर्न यांना हे पटले नव्हते. आपण भौतिकशास्त्र वापरतो, हे गृहस्थ मात्र हवे ते निर्माण करतात, अशा अर्थाची तक्रार त्यांनी केली होती. हा वाद मुलांसमोर तसाच मांडावा आणि दोन गट पाडावेत. व्हर्न यांच्या बाजूच्या गटाला एक हत्यार देऊन ठेवावे : चाकाच्या अर्ध्या भागाखाली केव्हराइटचा पत्रा सरकवला तर तो अर्धा भाग हलका राहील, उरलेला जड राहील आणि चाक काहीही न खाता-पिता कायम फिरत राहील, मग आपण विजेचे बिल कशाला भरतो? वेल्स यांच्या गटाचे उत्तरही तयार असते. त्यांचे प्रवासी यानात खरोखर तरंगतात. म्हणजे ज्याने पदार्थ कल्पनेने रचला त्यानेच तरंगण्याचे विज्ञान बरोबर मांडले.

चंद्रावर सूर्य उगवताच गोठलेली हवा वितळते आणि पाहता पाहता रोपे तरारून वर येतात, ते पान मोठ्याने वाचण्यासारखे आहे. पुढचा भाग मात्र तेरा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने वाचू देऊ नये. चंद्रवासीयांच्या समाजात प्रत्येकाला लहानपणापासून एकाच कामासाठी घडवले जाते, आणि ते वर्णन अंगावर येते.

गोष्ट मराठीत, उतारा इंग्रजीत

यापुढची बहुतेक पुस्तके इंग्रजीतच वाचावी लागतात, आणि मराठी माध्यमातल्या मुलाचे घोडे इथे अडते. यावर मला लागू पडलेला उपाय असा की प्रकरणाची गोष्ट मी मराठीत सांगते आणि त्यातला सर्वांत रंगलेला एक परिच्छेद, साधारण पंधरा ओळींचा, मूळ इंग्रजीतून वाचते. मुलांना काय घडणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे अनोळखी शब्द आला तरी ती बुजत नाहीत. यान, कक्षा, मुक्तिवेग, मुक्त पतन, प्रकाशवर्ष, वातकुक्षी (एअरलॉक, म्हणजे यानाच्या दारातली हवाबंद खोली) असे शब्द एका वहीत लिहून ठेवावेत. शाळेच्या पुस्तकात ‘अवकाश’ आणि वर्तमानपत्रात ‘अंतराळ’ असते, यावरून गोंधळ झाल्यास दोन्ही एकच आहेत असे सांगून मोकळे व्हावे. मोठी माणसे त्यावरही वाद घालतात, त्यात मुलांना ओढू नये. चार-सहा आठवड्यांनी उतारा पंधरावरून तीस ओळींवर न्यावा, आणि एक दिवस ‘‘पुढे काय झाले ते मी सांगणार नाही’’ असे म्हणून पुस्तक टेबलावर ठेवून उठावे.

हाइनलाइन यांची बारा पुस्तके

रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९४७ ते १९५८ या काळात जवळजवळ दरवर्षी एक याप्रमाणे किशोरांसाठी बारा कादंबऱ्या लिहिल्या. अंतराळप्रवास ही किराणा आणण्याइतकी व्यवहाराची गोष्ट आहे, हा त्यांचा सूर मुलांना फार आवडतो. मात्र प्रकाशनाच्या क्रमाने वाचण्याचा हट्ट धरू नये. पहिले ‘रॉकेट शिप गॅलिलिओ’ आज सर्वांत कच्चे वाटते. त्यात मुले चंद्रावर पोहोचतात आणि तिथे त्यांना नाझी भेटतात.

सुरुवात शेवटच्या पुस्तकाने, म्हणजे १९५८ च्या ‘हॅव स्पेस सूट, विल ट्रॅव्हल’ने करावी. किप नावाच्या मुलाला चंद्रावर जायचे आहे, म्हणून तो साबणाच्या कंपनीच्या घोषवाक्य स्पर्धेत भाग घेतो. चंद्राची सफर दुसऱ्यालाच मिळते आणि याच्या वाट्याला एक वापरलेला अंतराळ पोशाख येतो. तो पोशाख दुरुस्त करण्याची पाने हेच या पुस्तकाचे सोने आहे. हवा किती पुरेल, दाब किती ठेवायचा, सांधे गळतात कुठे, घाम कसा बाहेर काढायचा, हे सगळे हा मुलगा सुट्टीच्या दिवसांत एकेक करून सोडवतो आणि पोशाखाला ऑस्कर हे नाव देतो. सायकलचे पंक्चर स्वतः काढणाऱ्या मुलाला हे पुस्तक आपलेच वाटते. या पानांसोबत पाण्याच्या बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधण्याचा नेहमीचा प्रकार करून पाहावा. किपचीही मूळ अडचण तीच आहे, हवा कुठून निसटते आहे ते शोधणे.

१९५० चे ‘फार्मर इन द स्काय’ गावाकडच्या मुलांना द्यावे. गुरूच्या गॅनिमीड या चंद्रावर वस्ती करायला गेलेल्या माणसांना तिथे माती नसते, नुसता खडक असतो; तो फोडायचा, भुकटी करायची आणि त्यात सजीव माती कालवून जमीन तयार करायची. मुरमाड माळावर गाळ टाकून रान तयार करताना पाहिलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही, उलट तोच आपल्याला समजावून सांगतो. या कथेत एका लहान मुलीचा मृत्यू होतो, हे मोठ्यांनी आधी ध्यानात घ्यावे.

१९५३ च्या ‘स्टारमॅन जोन्स’मध्ये ताऱ्यांदरम्यान उडणाऱ्या यानाचे दिशादर्शक जाडजूड पुस्तकांतले कोष्टकांचे आकडे मोठ्याने वाचतात, आणि दुसरा माणूस ते यंत्रात भरतो. ‘‘एवढ्या मोठ्या यानात साधा मोबाइलसुद्धा नाही?’’ असे म्हणून मुले पोट धरून हसतात. त्यांना पोटभर हसू द्यावे आणि मग सांगावे की फेब्रुवारी १९६२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेस निघण्यापूर्वी अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी यंत्राने काढलेले आकडे गणितज्ञ कॅथरिन जॉन्सन यांच्याकडून हाताने तपासून घेण्याचा आग्रह धरला होता.

१९५७ च्या ‘सिटिझन ऑफ द गॅलक्सी’ची सुरुवात दूरच्या ग्रहावरच्या गुलामांच्या बाजारात होते आणि त्या शहराचे नाव आहे जबलपूर, स्पेलिंगही इंग्रजांच्या काळातले. नर्मदेकाठच्या गावाचे नाव हजारो वर्षांनंतरच्या ताऱ्यांच्या राजधानीला दिलेले पाहून मुलांना गुदगुल्या होतात, पण पुस्तक गंभीर आहे, तेरा वर्षांनंतरच द्यावे.

या बारा पुस्तकांचे नायक मुलगे आहेत, कारण ती मुलग्यांसाठी म्हणूनच छापली जात होती. ‘‘या यानात मुली कुठे आहेत?’’ हा प्रश्न मुलींनी विचारण्याची वाट न पाहता आपणच विचारावा, आणि पट्टीवर १६ जून १९६३ ही पहिल्या महिला अंतराळवीर व्हॅलेंटिना तेरेश्कोवा यांच्या उड्डाणाची तारीख वाढवावी. थोडे अपवादही दाखवता येतात : किपच्या गोष्टीतली अकरा वर्षांची पीवी त्याच्याहून हुशार आहे, आणि १९५२ च्या ‘द रोलिंग स्टोन्स’मधल्या हेझल आजी पेशाने अभियंता आहेत.

चूक कबूल करणारा लेखक

आयझॅक असिमोव्ह यांनी १९५२ ते १९५८ दरम्यान पॉल फ्रेंच या टोपणनावाने लकी स्टार या नायकाच्या सहा कादंबऱ्या लिहिल्या. कथानक म्हणून त्या मध्यमच आहेत, आणि सहाही वाचण्याची गरज नाही. पण नंतरच्या आवृत्त्यांना त्यांनी जोडलेली टिपणे वाचण्यासाठी तरी शुक्रावरची आणि बुधावरची अशी दोन पुस्तके मिळवावीत. शुक्रावर समुद्र नाही, तिथे साडेचारशे अंशांहून अधिक तापमान आहे. बुधाची एकच बाजू कायम सूर्यासमोर नसते, हे १९६५ मध्ये रडारने कळले. मी लिहिले तेव्हा ही माहिती नव्हती, असे लेखकाने तिथे सरळ सांगून टाकले आहे. मुलांना आधी कादंबरी वाचायला द्यावी, चुका वहीत लिहायला सांगाव्यात आणि शेवटी ते टिपण उघडून लेखकाच्या यादीशी आपली यादी ताडून पाहू द्यावी. टिपण नसलेली जुनी प्रत मिळाली, तर ते टिपण मुलांनीच लिहावे.

आर्थर सी. क्लार्क यांचे १९५२ चे ‘आयलंड्स इन द स्काय’ याच वयासाठी आहे. विमान कंपनीच्या स्पर्धेत जिंकलेल्या मुलाला पृथ्वीवर कुठेही जाण्याचे बक्षीस मिळते, आणि तो पृथ्वीभोवती फिरणारे अंतराळ स्थानक कायद्याने पृथ्वीचाच भाग आहे असा मुद्दा काढून तिथे जाण्याचा हट्ट धरतो. घरात वकिली करणारी मुले या पहिल्याच प्रकरणावर फिदा होतात.

मिळवायची कुठून

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे व्हर्न आणि वेल्स यांची मूळ पुस्तके इंटरनेटवर कायदेशीरपणे फुकट मिळतात. हाइनलाइन, असिमोव्ह आणि क्लार्क यांची मात्र विकत किंवा ग्रंथालयातूनच घ्यावीत. फुकटात एक अडचण आहे. व्हर्न यांची जुनी इंग्रजी भाषांतरे ठिकठिकाणी छाटलेली आहेत आणि त्यांत आकडेही चुकलेले सापडतात, त्यामुळे गणित जुळले नाही तर दोष लगेच लेखकाला देऊ नये. पुस्तक संक्षिप्त आहे का, हे पाहायला प्रकरणे मोजावीत. ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ची पूर्ण आवृत्ती अठ्ठावीस प्रकरणांची आहे. रंगीत मुखपृष्ठाच्या बारा प्रकरणी आवृत्त्या रेल्वे फलाटावर घ्यायला ठीक आहेत, पण त्यांत नेमके गणितच गाळलेले असते.

चौदा वर्षांनंतर

इथवर आलेल्या मुलांना फार वेगाने जाणाऱ्या यानात काळ मंदावण्याची कल्पना झेपते. हाइनलाइन यांच्या १९५६ च्या ‘टाइम फॉर द स्टार्स’मध्ये जुळ्या भावांपैकी एक यानातून जातो आणि दुसरा घरी राहून म्हातारा होत जातो. कॅल्क्युलेटर घेऊन बसावे : यान प्रकाशाच्या ऐंशी टक्के वेगाने गेले तर पृथ्वीवर दहा वर्षे सरतात तेव्हा यानात सहाच, नव्व्याण्णव टक्के वेगाला हे प्रमाण सातास एक होते. याला जोडूनच जयंत नारळीकर यांची ‘कृष्णविवर’ ही कथा मराठीतून वाचावी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ती त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. ते नाव फळ्यावर लिहून आद्याक्षरे उलटी वाचायला सांगावीत. मुलांना कोडे सुटायला अर्धा मिनिट लागतो. पुढे त्यांच्या ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्या आहेतच.

सर्वांत शेवटी क्लार्क यांची १९७३ ची ‘राँदेव्हू विथ रामा’ ठेवावी. सूर्यमालेत शिरलेल्या एका अज्ञात वस्तूचे नाव राम आहे, कारण ग्रीक-रोमन देवांची नावे वापरून संपल्यावर खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवतांकडे वळले, असे लेखक सांगतात. ही वस्तू म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचे, आतून पोकळ असे दंडगोल आहे आणि ते चार मिनिटांत एक फेरी घेते. मुलांनी कागदावर त्याचा छेद काढावा, आतली त्रिज्या आठ किलोमीटर धरावी आणि भिंतीवर उभ्या असलेल्या माणसाला किती वजन भासेल ते काढावे. ते पृथ्वीवरच्या निम्म्याहून थोडे अधिक येते. मधल्या अक्षावर मात्र वजन शून्य असते, आणि अंतराळवीर तिथून जिना उतरत जातात तसतसे ते पायरीपायरीने वाढत जाते. गणित अवघड वाटल्यास बादलीत अर्धे पाणी घेऊन ती गच्चीवर हातभर दोरीने गरगर फिरवावी, आणि पाणी सांडले नाही की ‘‘पाण्याला खाली कुठे वाटते आहे?’’ असे विचारावे. आमच्याकडे हे विचारले तेव्हा दोघांनी बादलीच्या तळाकडे बोट दाखवले, एकाने आकाशाकडे, आणि उरलेली मुले भिजल्यामुळे उत्तर देण्याच्या मनःस्थितीत नव्हती.